चित्रओळीतला कर्ता

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही मराठीतील प्रयोगविचार अभ्यासला आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे आणि त्यांची ठरीव उदाहरणे तुमच्यापैकी अनेकांनी पाठही केली असतील. परीक्षेपुरते ते पुरेसे आहे. मीही विद्यार्थिनी असताना तेवढेच केले होते. भावे प्रयोग म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते १९९९ च्या जून महिन्यात, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या एका गावात, माझ्या मावशीच्या ओट्यावर. निमित्त होते वर्तमानपत्रातील एका छायाचित्राचे.

त्या वेळी मी जळगावच्या एका महाविद्यालयात नुकतीच अधिव्याख्याता झाले होते आणि भाषाविज्ञानातील पीएच.डी.साठी अहिराणीतील क्रियापदरूपे गोळा करीत होते. माझा मावसभाऊ पायदळात होता. त्याची पत्रे येत, त्यांवर पत्ता असे ‘५६ एपीओ’. सैन्यातील माणसाच्या घरी ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना हा पत्ता ठाऊक असेल. त्यात गाव नसते, जिल्हा नसतो, राज्य नसते. मुलगा राजस्थानात असो की लडाखमध्ये, आईच्या लेखी तो ५६ एपीओमध्येच असतो. मे महिन्याच्या अखेरीस कारगिलच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्याची पत्रे थांबली. २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. २७ तारखेला वायुसेनेची दोन लढाऊ विमाने गेली. २८ तारखेला एमआय-१७ जातीचे हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. गावात वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने येई. मावशीला अक्षरओळख नव्हती, परंतु ती रोज ते मागवून घेई आणि चित्रे पाही.

एका रविवारी सकाळी जळगावहून निघून, एरंडोल, पारोळा करीत मी धुळ्याला आणि तेथून साक्रीच्या गाडीने गावी पोचले. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि पेरणीची धांदल होती. मावशी मात्र शेतात गेली नव्हती. तिने फडताळातून घडी केलेले वर्तमानपत्र काढून माझ्यापुढे ठेवले आणि एका चित्रावर बोट टेकून म्हणाली, “हाऊ मना पोऱ्या शे.” हा माझा मुलगा आहे.

चित्र असे होते. उजवीकडे एक लहान हेलिकॉप्टर, त्याची पाती फिरत असल्याने वर एक धूसर चकती दिसत होती. धूळ उडालेली. वाकून चालणारे चार जवान एक स्ट्रेचर नेत होते. स्ट्रेचरवरील माणसाच्या अंगावर गळ्यापासून खालपर्यंत ब्लँकेट, चेहरा वाहून नेणाऱ्याच्या कोपराआड गेलेला. दिसत होती ती फक्त पावले. मावशीने पावलांवरून ओळखले होते. मी कागद डोळ्यांजवळ नेला. वर्तमानपत्रातले चित्र जाळीच्या ठिपक्यांचे असते. जितके जवळून पाहावे तितके ते विरघळत जाते, आणि शेवटी उरतात काळे ठिपके आणि मधली पांढरी जागा. मावशीने ते चित्र चार दिवस जवळूनच पाहिले होते.

मग तिने चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवले. वर्तमानपत्राच्या कचेरीत हिला ‘कॅप्शन’ म्हणतात; आपण चित्रओळ म्हणू. मी वाचून दाखविली : ‘कारगिल क्षेत्रातील चकमकीत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने सुरक्षित स्थळी हलविण्यात आले.’

मावशीने ऐकून घेतले आणि विचारले, “त्याले कोन लई गया?”

त्याला कोण घेऊन गेले? मी पुन्हा ओळ वाचली. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आणि मित्रहो, मी तिला काय उत्तर दिले असेल? मी म्हणाले, “मावशी, यात कर्ता दिलेला नाही.” ती माझ्याकडे पाहत राहिली. एवढेच करून मी थांबले नाही. पिशवीतून वही काढून ती चित्रओळ आणि तिच्याखाली मावशीचा प्रश्न, दोन्ही उतरवून घेतले, कारण संशोधनाला उपयुक्त उदाहरण आयते मिळाले होते. पुढे अनेक वर्षे मी ती दोन वाक्ये फळ्यावर लिहून वर्गात प्रयोगविचार शिकविला. विद्यार्थ्यांना तो तास आवडत असे.

आता त्या वाक्याकडे पाहू. ‘जवानांना’ या शब्दाला ‘ना’ हा प्रत्यय लागला आहे, त्यामुळे क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलू शकत नाही. ‘दोन जवान हलविण्यात आले’ असे असते तर ‘आले’ या रूपाचा जवानांशी मेळ राहिला असता. कर्ता तर वाक्यात नाहीच. मग ‘आले’ हे रूप कोणाला धरून आहे? कोणालाच नाही. ते नपुंसकलिंगी, एकवचनी आणि तटस्थ आहे. सरकारी परिपत्रके, पोलिसांची निवेदने आणि दवाखान्यातील सूचना याच रूपात लिहिल्या जातात : कळविण्यात येते, घेण्यात आले, देण्यात येईल. शासनाची भाषा अशी का असते, याची कारणे पुढील घटकात येतील. येथे मला दुसऱ्याच एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे, तो म्हणजे ‘हेलिकॉप्टरने’. मराठीत ‘ने’ हा प्रत्यय दोन कामे करतो. ‘रामाने फळ खाल्ले’ यात तो कर्त्याला लागतो आणि ‘चाकूने फळ कापले’ यात साधनाला. चित्रओळीतील हेलिकॉप्टर साधन आहे हे आपल्याला कळते, पण कर्त्याची जागा रिकामी असल्याने ते नकळत त्या जागी येऊन बसते. वाचणाऱ्याच्या मनात उरते ते एवढेच की, जवानांना यंत्राने नेले. त्यात ‘हलविणे’ हे क्रियापद. आपण कपाट हलवितो, कार्यालय नव्या इमारतीत हलवितो. माणसाला आपण नेतो किंवा आणतो.

पुष्कळ दिवस माझी अशी समजूत होती की, दोष केवळ भाषेचा आहे. उपसंपादकाने जरा काळजीपूर्वक ओळ लिहिली असती तर काम झाले असते. पुढे युद्धछायाचित्रांची पुस्तके चाळण्याचा नाद लागला, तेव्हा लक्षात आले की, खुद्द चित्रातही कर्ता नव्हता. पाती, धूळ, यंत्राचा घाट, वाकलेल्या पाठी. वैमानिक काचेआड. चेहरा एकाचाही नाही. ती ओळ त्या चित्राचे इमानेइतबारे केलेले भाषांतर होती.

असे का व्हावे? याचे उत्तर मला कॅमेरा कोठे उभा होता, या प्रश्नात सापडले. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहू.

व्हिएतनामच्या युद्धात ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करणारा लॅरी बरोज नावाचा ब्रिटिश छायाचित्रकार होता. ३१ मार्च १९६५ रोजी दा नांगहून निघालेल्या अमेरिकन मरीन दलाच्या एका हेलिकॉप्टरमध्ये तो बसला. त्या हेलिकॉप्टरची खूण ‘यांकी पापा १३’, आणि त्यावरचा क्रू-चीफ होता जेम्स फार्ली, वय वर्षे २१. काम होते सैनिक उतरविण्याचे. परंतु शेजारचे एक हेलिकॉप्टर गोळीबारात खाली आले. फार्ली धावत जाऊन त्याच्या वैमानिकाला बाहेर काढू पाहत होता, ते त्याला जमले नाही. त्या हेलिकॉप्टरवरचे दोन जखमी ‘यांकी पापा १३’ मध्ये घेतले गेले. त्यांतला एक, लेफ्टनंट जेम्स मॅगेल, वाटेतच हेलिकॉप्टरच्या फरशीवर मरण पावला. बरोजने हे सारे आतून टिपले. १६ एप्रिल १९६५ च्या अंकात ती चित्रमालिका प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी तळावर परतलेला फार्ली सामानाच्या खोलीत तोंड झाकून रडताना दिसतो. या मालिकेत हेलिकॉप्टर बाहेरून फारसे दिसतच नाही. दिसतात ती त्यातली माणसे. मावशीचा प्रश्न कोणी ‘लाइफ’च्या वाचकाला विचारला असता, तर त्याला नाव घेऊन उत्तर देता आले असते.

आता कारगिल. मावशीजवळच्या चित्रातील हेलिकॉप्टर चीता जातीचे होते, हे मला पुढे समजले. फ्रेंच ‘लामा’ या हेलिकॉप्टरची ही भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली आवृत्ती. या लामाने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. आकाराने मात्र ते एखाद्या जीपएवढे. वैमानिकांसह पाचच माणसे बसतात. रुग्णवाहिका म्हणून वापरताना फार तर दोन स्ट्रेचर. त्यातही उंचावरची हवा विरळ, पात्यांना हवेचा आधार कमी, म्हणून वजनाचा एकेक किलो मोजावा लागतो. टायगर हिल हे शिखर पाच हजार मीटरांहून उंच आहे. अशा प्रदेशात ज्या हेलिकॉप्टरमध्ये एक जखमी जेमतेम मावतो, त्यात छायाचित्रकार बसला तर तो कोणाच्या तरी जागी बसेल. म्हणून त्या उड्डाणांची चित्रे जमिनीवरून, बाहेरून घ्यावी लागतात. बाहेरून दिसते ते यंत्र. मी त्या चित्रात ज्याची उणीव काढीत होते, तो चेहरा टिपायला कोणी आत बसला असता, तर कदाचित स्ट्रेचरला जागा उरली नसती.

येथे थोडे विषयांतर करते, ते तुम्ही चालवून घ्याल. युद्धात हेलिकॉप्टरने जखमींना उचलण्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात एक लहान विमान पडले. त्याचा वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक शत्रूच्या मुलखात अडकले. कार्टर हार्मन या अमेरिकन वैमानिकाने सिकोर्स्की कंपनीच्या प्रारंभीच्या हेलिकॉप्टरमधून त्यांना बाहेर काढले. त्याच्या तुकडीचा तळ आसामातील लालाघाट येथे होता. इंजिनाची ताकद इतकी बेताची की, एका खेपेला एकच माणूस नेता येई. म्हणजे चौघांसाठी चार खेपा. पुढे कोरियात आणि व्हिएतनाममध्ये हे नित्याचे झाले. व्हिएतनाममध्ये अशा हेलिकॉप्टरांना बिनतारी यंत्रावर ‘डस्टऑफ’ या खुणेच्या शब्दाने हाक मारीत. त्या पथकाचा प्रमुख मेजर चार्ल्स केली याला १ जुलै १९६४ रोजी, गोळीबार फार आहे, परत जा, असे सांगण्यात आले. जखमी हाती आले की जाईन, असे त्याने उत्तर दिले आणि थोड्याच वेळात गोळी लागून तो मेला. (मी आताच ‘सांगण्यात आले’ असे लिहिले, हे तुमच्या ध्यानात आले असेल. सवय सुटत नाही.)

छायाचित्रकारांनाही या प्रवासाची किंमत मोजावी लागली आहे. १९६८ साली व्हिएतनामच्या जंगलात आर्ट ग्रीनस्पन याने घेतलेल्या प्रसिद्ध चित्रात एक सैनिक दोन्ही हात आकाशाकडे उंचावून उभा आहे. भोवती जखमी पडलेले आहेत. तो हेलिकॉप्टरला वाट दाखवीत आहे, पण हेलिकॉप्टर चित्रात नाहीच. त्याची वाट पाहणे तेवढे आहे. असोसिएटेड प्रेसचा आँरी ह्यूए याने १९६६ साली एका मृत सैनिकाचा देह दोराने वर खेचला जात असताना टिपला. ह्यूए आणि बरोज, आणखी दोन छायाचित्रकारांसह, १० फेब्रुवारी १९७१ रोजी लाओसवर पाडल्या गेलेल्या एकाच हेलिकॉप्टरमध्ये मरण पावले.

चेहरा न दाखविण्याला दुसरेही कारण आहे. घरी कळविण्याआधी जखमीची ओळख पटेल असे चित्र छापू नये, असा संकेत वृत्तपत्रे आणि सैन्यदले पाळीत आली आहेत. त्यामागची भावना योग्यच आहे. चहाबरोबर वर्तमानपत्र उघडावे आणि त्यात आपला मुलगा रक्तबंबाळ दिसावा, हे कोणत्याही घरी घडू नये. पण मावशीच्या घरी दुसरेच घडले. चेहरा नव्हता म्हणून तिला कोणत्याही पावलांत मुलगा दिसला. तिच्याप्रमाणे किती आयांनी त्या दिवशी ती पावले ओळखली असतील, असा विचार माझ्या मनात अजूनही येतो. अधिकृत आकड्यांनुसार त्या युद्धात ५२७ सैनिक मृत्यू पावले आणि १,३६३ जखमी झाले.

माझा मावसभाऊ जखमींत होता. जुलैत श्रीनगरच्या लष्करी रुग्णालयातून त्याचे पत्र आले, अक्षर दुसऱ्याचे होते. दिवाळीला तो काठी टेकीत घरी आला. मावशीने कात्रण दाखविले. त्याने ते नीट पाहिले आणि म्हणाला की, हे पाय माझे नाहीत, माझे बूट कापून काढले होते. मावशीने कात्रण पुन्हा फडताळात ठेवले. फेकले नाही.

यापलीकडे तो त्या दिवसांविषयी बोलला नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. तो बोलला त्याला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. या पुस्तिकेच्या घटकलेखकांची बैठक नाशिकला होती. त्याला देवळालीत निवृत्तिवेतनाचे काम होते, म्हणून आम्ही धुळ्याहून बरोबर निघालो. नाशिकरोडजवळ चहाला थांबलो असताना डोक्यावरून एक लहान हेलिकॉप्टर गेले. तुमच्यापैकी नाशिककरांना माहीत असेल, तेथे लष्कराच्या हवाई दळाचे, म्हणजे आर्मी एव्हिएशनचे, वैमानिक घडविणारे विद्यालय आहे. मावसभावाने वर न पाहताच चहाच्या पेल्यावर हात ठेवला, माती पडू नये म्हणून. हेलिकॉप्टर बरेच उंचावर होते. मग आपणच म्हणाला, “चीता शे.”

त्यानंतर त्याने जे सांगितले, ते मी वहीत उतरवून घेतले नाही. आठवते तसे लिहिते. रात्री मांडीत आणि कमरेत छर्रे शिरले. “माले दोन जन लई उनात, मंग चार जन.” पहाटेपर्यंत दोघांनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन उतरविले, मग चौघांनी स्ट्रेचरवर. पलटणीच्या डॉक्टरने जखमा बांधल्या. चौघांपैकी एकाच्या हाताला कांद्याचा वास येत होता. तो लंगरमधला असावा, असे त्याला वाटते. हेलिकॉप्टर उतरायची जागा म्हणजे दगड वेचून केलेला एक सपाट तुकडा. इंजिन बंद केले नव्हते. खडे उडत होते म्हणून त्याच कांद्याच्या वासाच्या हाताने त्याच्या तोंडावर ब्लँकेट ओढले. त्यामुळे ज्या हेलिकॉप्टरने त्याचे प्राण वाचले, ते त्याने पाहिलेच नाही. आवाज आणि इंधनाचा वास, इतकेच. वैमानिक कोण होता, हे त्याला आजही ठाऊक नाही. त्या युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या वायुसेनेच्या दोन तरुण वैमानिकही चीता घेऊन जखमींना आणण्यासाठी उड्डाणे करीत होत्या. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मंग आई चुकनी. कोन लई गयी, असंबी इचारानं व्हतं.”

व्याकरणाचा तास त्याने घेतला. ‘गया’ की ‘गयी’, हे ठरविण्यापुरताही कर्ता आमच्यापाशी नव्हता. आणखी एक गोष्ट मला त्या टपरीवर जाणवली. मावशी म्हणाली होती ‘लई गया’, घेऊन गेला. ती मनाने डोंगरावर, मुलाच्या शेजारी उभी होती, म्हणून तिच्यासाठी ते नेणे होते. मावसभाऊ म्हणाला ‘लई उनात’, घेऊन आले. तो चहा पीत आमच्यात बसला होता, म्हणून त्याच्यासाठी ते आणणे होते. चित्रओळीतल्या ‘हलविण्यात आले’ला ना येथले ना तेथले.

मावशी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. मध्यंतरी नातीने ते कात्रण धुळ्याला नेऊन लॅमिनेट करून आणले. चौकटीत बसावे म्हणून दुकानदाराने खालची चित्रओळ कापून टाकली, त्यामुळे ती आता केवळ माझ्या वहीत आहे. गेल्या संक्रांतीला मी गावी गेले, तेव्हा मावशीने मागची कोरी बाजू पुढे करून म्हटले की, यावर काय ते लिहून दे, मी नसले तर पोरांना कळायला हवे. मी पेन घेतले. वर्ष लिहिले, ठिकाण लिहिले. तिला विचारले, “तुझा मुलगा नाही हा, मग काय लिहू?” ती म्हणाली, “कोनाना तरी शेच ना.” कोणाचा तरी आहेच ना.

तेव्हा मी लिहिले : ‘एका आईच्या मुलाला’. त्यापुढे चार बोटे जागा मोकळी सोडली आणि शेवटी लिहिले, ‘यांनी उचलून आणले.’ मावशीने मला ते तीनदा वाचायला लावले. मोकळ्या जागेशी मी थांबत असे, तेव्हा ती तेथे बोट ठेवीत असे.